रोजचे पठण आणि सावरणारे मन : एका आईच्या प्रश्नाच्या निमित्ताने



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आला मात्र वर्गातूनच.

गेल्या पावसाळ्यात, शाळा सुटायला अर्धा तास असताना, माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलाला फिट आली. तो बाकावरून खाली पडला, हातपाय झटकू लागला. मुले घाबरली. एकाने हुंगवायला पायातली चप्पल काढली, दुसरा कांदा आणायला पोषण आहाराच्या खोलीकडे पळाला. हे दोन्ही करायचे नसते, ते आधीच सांगून ठेवते. मुलाला एका कुशीवर वळवायचे, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचे, आजूबाजूचे बाक सरकवायचे, तोंडात चमचा किंवा बोट काहीही घालायचे नाही आणि घड्याळ बघायचे. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर थेट दवाखाना. आमच्या मुलाची दोन-अडीच मिनिटांत थांबली.

निरोप गेला तशी आई धावत आली. मुलाला जवळ घेऊन बसली आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "बाई, गोळ्या दीड महिन्यापासून बंद केल्यात."

का, म्हणून विचारले. त्यांच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी वंदना आणि सुत्तपठण होते. तिथे कुणीतरी तिला सांगितले होते की पाठ नेमाने करा, श्रद्धा पक्की ठेवा, गोळ्या घेणे म्हणजे श्रद्धेत शंका. तिने ऐकले. घरी आणि विहारात मिळून रोज पाऊण तास पाठ केला. "मी एक दिवस खंड पडू दिला नाही बाई. पाऊस असो, काही असो. मग माझंच काय चुकलं?"

त्या दिवशी मी एवढेच म्हणाले, "ताई, आधी डॉक्टरांकडे जाऊ." बाकी उत्तर माझ्याकडे नव्हते. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. मुलाला फिट आली याचे कारण गोळ्या अचानक थांबल्या हे होते. ती मात्र ते स्वतःच्या श्रद्धेत शोधत होती. बरे करण्यासाठी सुरू केलेल्या गोष्टीनेच तिला आणखी एक जखम दिली होती. म्हणून नंतर मी वाचायला घेतले, विहारातल्या जाणत्या लोकांशी बोलले. बौद्ध परंपरेत पठणाचा आणि आजाराचा संबंध खरोखर काय सांगितला आहे? रोज तेच तेच म्हणण्याने माणसात नेमके काय बदलते? जे समजले ते तुमच्यापुढे मांडते.

पठण आले कुठून

बुद्धांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांचे उपदेश शिष्यांनी पाठ केले, आणि पुढे कित्येक पिढ्या ते पाठांतरानेच टिकले. लिखित स्वरूपात ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत आले असे तिथली परंपरा सांगते. मधल्या काळात हे काम भाणकांनी केले. भाणक म्हणजे पठण करणारे भिक्षू. दीघ निकाय सांभाळणारे वेगळे, मज्झिम निकाय सांभाळणारे वेगळे, अशी कामाची वाटणीच होती. आपल्याकडे लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबावर दानलेख आहे, त्यात सोपाऱ्याच्या एका भाणकाचा उल्लेख येतो. सहल नेली तर मुलांना तो खांब जरूर दाखवा. आपण तिथे शिल्पे बघून परत येतो, पण दोन हजार वर्षांपूर्वी त्या दगडी घुमटाखाली कुणीतरी मोठ्याने पाठ म्हणत असेल, हे त्यांना सांगितले की मुलांचे डोळे वर जातात.

तर पठणाचा पहिला हेतू आठवण ठेवणे हा होता. आजारपणातही त्याचे मूळ काम तेच राहिले, आणि त्या आईपर्यंत नेमकी हीच गोष्ट पोहोचली नव्हती.

संयुत्त निकायात तीन छोटी सुत्ते एकापाठोपाठ येतात. पहिल्यात महाकस्सप राजगृहाजवळच्या पिप्फली गुहेत आजारी आहेत, दुसऱ्यात महामोग्गल्लान गृध्रकूट पर्वतावर आजारी आहेत. दोघांकडे बुद्ध जातात, दुखणे कमी होते आहे की वाढते आहे असे विचारतात आणि सात बोज्झंग म्हणून दाखवतात. तिसरे सुत्त मला सगळ्यात जास्त आवडते, कारण त्यात वेळुवनात स्वतः बुद्ध आजारी आहेत आणि ते चुंद नावाच्या भिक्षूला सांगतात की तू मला बोज्झंग म्हणून दाखव. ज्यांनी शिकवले तेच आता ऐकणारे झाले! तिन्ही ठिकाणी शेवटी आजारी माणूस उठून बसतो. परित्राण पाठात बोज्झंग परित्त म्हणतात ते याच सुत्तांवरून आलेले आहे.

आता त्यात काय म्हटले जाते ते बघा. रोग पळून जा, अमुक शक्ती रक्षण करो, असे त्यात काही नाही. मनाचे सात गुण एकेक करून सांगितले जातात : सति म्हणजे जागरूकता, धम्मविचय म्हणजे पारखून बघणे, विरिय म्हणजे प्रयत्न, पीति म्हणजे आतला आनंद, पस्सद्धि म्हणजे निवणे, समाधि म्हणजे एकाग्रता आणि उपेक्खा म्हणजे समतोल. ऐकणारे तिघेही हे गुण आयुष्यभर जोपासलेले. अंगात ताप आणि वेदना असताना त्यांना आपल्याच कमाईची आठवण करून दिली जात होती. परीक्षेच्या सकाळी घाबरलेल्या मुलीला आपण म्हणतो ना, "अगं, तुला हे येतं, तू केलंयस हे." आधी केलेले असेल तरच त्या वाक्यात जोर येतो.

दुसरे उदाहरण गिरिमानंद सुत्ताचे. गिरिमानंद नावाचा भिक्षू फार आजारी आहे. बुद्ध आनंदाला सांगतात की त्याच्याकडे जाऊन दहा संज्ञा, म्हणजे बघण्याच्या दहा रीती, म्हणून दाखव. त्यात शरीराला होणाऱ्या रोगांची एक लांब यादी येते. खोकला, दमा, ताप, पोटदुखी, कुष्ठ वगैरे. त्या यादीत 'अपमार' हेही नाव आहे, म्हणजे आपला अपस्मार, मिरगी. यादी पुढे आजारांची कारणे सांगते : पित्त, कफ, वात, तिन्हींचे बिघडणे, ऋतुबदल, शरीराची नीट काळजी न घेणे, इजा, आणि कर्म. म्हणजे पूर्वकर्म हे अनेक कारणांतले एक. श्रद्धेची कमतरता हे कारण तर या यादीत नाहीच.

हे वाचले तेव्हा मला त्या आईला लगेच फोन करावासा वाटला.

मग औषधाचे काय?

विनयपिटकातल्या महावग्गात औषधांवर एक अख्खा खंड आहे. तूप, लोणी, तेल, मध, काकवी यांपासून मुळ्या, काढे, मलमपट्टीपर्यंत भिक्षूंना काय चालते ते त्यात तपशिलाने दिले आहे. संघाचा वैद्य जीवक सर्वांना माहीत आहेच. त्याच ग्रंथात अतिसाराने आजारी पडलेल्या, स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या एका भिक्षूची गोष्ट येते. बुद्धांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून पलंगावर ठेवले. त्यानंतर शुश्रूषा करायला अवघड रुग्ण कोणता, याची पाच लक्षणे सांगितली आहेत. औषध न घेणारा हे त्यातले एक. दुखणे जसे आहे तसे न सांगणारा हेही एक.

म्हणजे गोळ्या घेणे ही शंका नाही. परंपरेच्या हिशोबाने तो रुग्णाच्या शिस्तीचा भाग आहे.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात मिलिंद राजा नागसेनांना सरळच विचारतो : मृत्यूपासून कुठेही सुटका नाही असे तुम्ही म्हणता, मग परित्त कशासाठी? नागसेन उत्तर टाळत नाहीत. आयुष्य शिल्लक असेल त्यालाच त्याचा उपयोग, वाळून गेलेल्या झाडाला कितीही पाणी घातले तरी पालवी फुटत नाही, असे ते म्हणतात. परित्त सगळ्यांना सारखा उपयोगी पडत नाही हेही ते मान्य करतात, आणि न पडण्याची तीन कारणे देतात : कर्म, मनातले क्लेश आणि श्रद्धेचा अभाव. हे शेवटचे कारण वाचून माझ्यासारखा वाचक जरा अडखळतो, कारण त्या आईला दुखावणारे वाक्य इथूनच निघू शकते. माझे मत सांगते. ज्याने हा ग्रंथ पुरता वाचला तो फक्त एवढेच कारण उचलून घाबरलेल्या बाईच्या गळ्यात घालणार नाही. स्वतः बुद्धांचेही ऐंशीव्या वर्षी कुशिनारा इथे आजारपणातच महापरिनिर्वाण झाले. त्यावरून त्यांची श्रद्धा कमी पडली असे कुणी म्हणेल का?

हा प्रश्न फक्त पालीच्या परंपरेतला नाही. जपानमध्ये तेराव्या शतकात निचिरेन यांनी सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचाच जप रोज करायला शिकवले. आज जगभर आणि भारतातही, मुंबई-पुण्यातही, 'नम म्योहो रेंगे क्यो' म्हणणारे लोक आहेत. चिकाटीने केलेल्या जपातून आयुष्य पालटल्याचे ते आवर्जून सांगतात. पण निचिरेन स्वतः दीर्घकाळ पोटाच्या दुखण्याने आजारी होते, तेव्हा त्यांचे अनुयायी शिजो किंगो यांनी त्यांना औषध दिले. शिजो किंगो सामुराई होते आणि वैद्यकही जाणत होते. त्या औषधाने बरे वाटल्याचे निचिरेन यांनी १२७८ च्या पत्रात मोकळेपणाने लिहिले आहे. जपाचा एवढा मोठा पुरस्कर्ता, आणि औषधाबद्दल मनात कसलाही संकोच नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर आणखी एक बाजू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, ती चमत्कार आणि अंधश्रद्धा मागे टाकण्यासाठी. त्याच बाबासाहेबांनी लोकांसाठी बौद्ध पूजापाठही तयार केला. शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात, पाली व्याकरण आणि शब्दकोशाच्या सोबतीने, तो छापलेला आहे. ही जोडी मला बोलकी वाटते. पठण करा, पण शेजारी शब्दकोश ठेवा!

मग पठणाने होते तरी काय

पठणाने फिट थांबत नाही, साखर उतरत नाही, गाठ विरघळत नाही. पण 'सल्लत्थ सुत्त' नावाचे एक सुत्त आहे, त्यातला दाखला इथे उपयोगी पडतो. एखाद्याला बाण लागला आणि लगेच त्याच माणसाला दुसरा बाण लागला, तर त्याला दोन बाणांचे दुःख होते. पहिला बाण म्हणजे शरीराचे दुखणे. दुसरा म्हणजे त्यावरचा आपला आक्रोश : माझ्याच वाट्याला का, पुढे काय होणार, माझे काय चुकले. पहिला बाण नेहमी आपल्या हातात नसतो, त्याला वैद्य लागतो. दुसऱ्यावर काम करता येते.

मूल आजारी असलेल्या घरात हा दुसरा बाण बहुतेक वेळा आईला लागलेला असतो. आमच्या मुलाची आई नंतर सांगत होती की दोन वर्षे ती सलग झोपलेली नाही. रात्री मुलाच्या श्वासाकडे कान. तो कूस बदलला तरी ती उठून बसते. त्या घरात बरे व्हायची गरज दोघांना होती, आणि गोळ्या फक्त एकाला मिळत होत्या. तीही मध्येच बंद झाल्या.

पठण करताना शरीरात काय घडते तेही सोपे आहे. गाथा म्हणायची तर श्वास पटकन आत घ्यावा लागतो आणि ओळ संपेपर्यंत हळूहळू सोडावा लागतो. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी प्रौढांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि तिबेटी परंपरेतला 'मणि पद्मे' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे ६ इतका संथ झाला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागली. एरवी बसल्या बसल्या आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. अभ्यास छोटा होता आणि रुग्णांवर केलेला नव्हता, त्यामुळे त्यावरून रोग बरा होतो असे म्हणता येणार नाही. संथ पठणाने शरीर शांत होते एवढे म्हणता येते. आणि दोन वर्षे न झोपलेल्या बाईसाठी तेवढेही कमी नाही.

शिवाय मन एका वेळी दोन ओळी नीट म्हणू शकत नाही. पुढची गाथा आठवायची तर काळजीची जुनी ओळ काही क्षण सुटते. पुन्हा येते, पुन्हा सुटते. रोज दहा मिनिटे हे सोडून देणे घडत राहिले की हळूहळू पाठ नसलेल्या वेळीही ते जमू लागते. सातत्याचे सगळे काम इथे आहे.

चूलपंथकाचे फडके

आता शिक्षकांसाठी खास एक गोष्ट. ती जातककथांत आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत येते.

राजगृहात महापंथक आणि चूलपंथक हे दोन भाऊ भिक्षू झाले. थोरला हुशार, लवकर अर्हत झालेला. धाकट्याला त्याने एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने झाले तरी ती एक गाथा त्याला येईना. नवी ओळ घेतली की जुनी विसरायची. थोरला चिडला, तुझे इथे काम नाही, निघ म्हणाला. जीवकाने सगळ्या संघाला जेवायला बोलावले तेव्हा त्याने यादीतून भावाचे नावच गाळले. (वर्गात गटकार्याची यादी करताना एखाद्या मुलाचे नाव आपल्याकडून नकळत शेवटी राहते, त्याची मला दर वेळी आठवण होते.)

पहाटे चूलपंथक चीवर सोडून घरी जायला निघाला. दारात बुद्ध भेटले. त्यांनी त्याला रागावले नाही आणि तीच गाथा पुन्हाही दिली नाही. एक स्वच्छ पांढरे फडके दिले, पूर्वेकडे तोंड करून बस, हे हाताने चोळत राहा आणि 'रजोहरणं' एवढेच म्हणत राहा असे सांगितले. रजोहरण म्हणजे मळ दूर करणे. तो बसला. चोळत राहिला, म्हणत राहिला. थोड्या वेळाने फडके मळले. ते बघून त्याच्या लक्षात आले की फडके तर स्वच्छ होते, माझ्या अंगाच्या स्पर्शाने ते असे झाले, काहीच आहे तसे राहत नाही. तिथूनच त्याचे मन मोकळे होत गेले आणि तो अर्हत झाला, असे कथा सांगते.

मला यात रस वाटतो तो दोन घोकंपट्ट्यांच्या तुलनेत. चार महिने तो चिकाटीनेच घोकत होता. आळशी नव्हता बिचारा! पण ते पाठांतर भावाच्या नजरेखाली, तुलनेत, अपमानाच्या भीतीत चालले होते. दुसरे पठण एका शब्दाचे होते, हाताला काम होते, अर्थ डोळ्यांसमोर घडत होता आणि कुणी परीक्षा घेणार नव्हते. चिकाटी दोन्हीकडे होती, पण पहिलीने तो मोडला आणि दुसरीने सावरला. घरी मुलाला पाठ, पाढे, प्रार्थना काहीही घोकायला बसवताना ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून बघा.

याला पूरक असे संगारव सुत्त आहे. संगारव नावाचा ब्राह्मण बुद्धांना विचारतो की वर्षानुवर्षे पाठ केलेले मंत्रसुद्धा कधी कधी आठवत नाहीत, आणि कधी न घोकलेलेही आठवतात, असे का? प्रत्येक शिक्षकाचा हा प्रश्न आहे! उत्तरात पाण्याच्या भांड्याचा दाखला येतो. पाण्यात तोंड बघायचे आहे, पण पाण्यात रंग कालवला असेल, ते उकळत असेल, शेवाळाने झाकले असेल, वाऱ्याने हलत असेल किंवा गढूळ होऊन अंधारात ठेवले असेल, तर तोंड दिसणार नाही. हव्यास, राग, सुस्ती, अस्वस्थपणा आणि शंका अशा मनाच्या या पाच अवस्था. पाठ कच्चा म्हणून आठवत नाही असे दर वेळी नसते, भांडे हलत असते. त्या आईचे पाऊण तासाचे पठण मी नंतर एकदा ऐकले. उच्चार स्वच्छ होते, पण वेग इतका की श्वास पुरत नव्हता. पाण्यावर वारा होता.

आणि अति झाले तर? सोण कोळिविस नावाच्या भिक्षूची गोष्ट प्रसिद्ध आहे. इतका चालला, इतके ध्यान केले की पाय रक्ताळले, तरी मन मोकळे होईना, तेव्हा घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला तारांबद्दल विचारले. फार ताणल्या तर वाजतात का? सैल सोडल्या तर? आपल्याकडे 'एक दिवस खंड पडला नाही' याचे कौतुक फार होते. पण खंड पडू न देण्याचीच भीती बसली असेल तर तार जास्त ताणली गेली आहे असे समजावे.

घरी करायचे असेल तर

ज्यांच्या घरात वंदना आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात दुसरी काही प्रार्थना आहे त्यांनाही चालेल असे, थोडेसे.

वेळ ठरवा आणि पाठ छोटा ठेवा. त्रिशरण, पंचशील आणि एखादे सुत्त, दहा मिनिटे पुरतात. पाऊण तास करून आठवड्यात थकण्यापेक्षा हे बरे. ओळ एका श्वासात संथपणे म्हणा आणि ओळीनंतर थांबा. महिन्याला दोन-चार शब्दांचा अर्थ समजून घ्या. पाली आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. सति म्हणजे स्मृती, मेत्ता म्हणजे मैत्री, दुक्ख तर आपलेच. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी नेहमीएवढेच म्हणा, दुप्पट नको. "एवढे दिवस केले तर हे होईल" असा सौदा मात्र करू नका, कारण तो फसला की दोष शेवटी स्वतःलाच लागतो. बोज्झंगांबद्दल आणखी एक सुत्त सांगते की मन सुस्त असेल तेव्हा पारख, प्रयत्न आणि आनंद वाढवावेत, मन भरकटलेले असेल तेव्हा निवणे, एकाग्रता आणि समतोल, आणि जागरूकता मात्र नेहमीच हवी. मी यातून माझ्यापुरते असे घेतले आहे : सकाळी मरगळ असेल तर मोठ्याने, उभे राहून म्हणायचे. रात्री काळजी असेल तर हळू आवाजात, बसून.

मुलांना सक्ती नको. शेजारी बसले तर बसू द्या, उठून गेले तर जाऊ द्या. शाळेत तर आपण शिक्षकांनी आणखी सांभाळावे. संविधानाचे २८ वे कलम आहे. पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि इतर मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळांतही पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धार्मिक उपासनेत बसवता येत नाही. संथ श्वासाचा फायदा कवितेच्या तालबद्ध गायनातूनही मिळतो, तेवढे वर्गात पुरे.

आणि एक गोष्ट मोठ्या माणसांबद्दल. दोन आठवडे झाले तरी उदासी हटत नाही, झोप-भूक गेली आहे, जगण्यात अर्थ नाही असे कुणी बोलते आहे, तर त्याला नुसते पाठावर ठेवू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलतात.

आता त्या आईचे सांगते. फिट आली त्या दिवसानंतर तिने गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि पठण पूर्ण बंद केले. विहारात जाणेही सोडले. "मला आता ते म्हणायला बसलं की रडूच येतं," म्हणायची. मी एका रविवारी तिच्याकडे गेले, गिरिमानंद सुत्तातली आजारांची यादी तिला वाचून दाखवली. 'अपमार' या शब्दापाशी तिने मला थांबवले. परत वाचा म्हणाली. मी परत वाचला. "म्हणजे तेव्हा पण होती ही," एवढेच बोलली ती आणि चहा ठेवायला उठली.

काही आठवड्यांनी तिने पुन्हा सुरुवात केली, रात्री जेवणानंतर दहा मिनिटे. मुलाच्या गोळीची वेळही तीच ठरवली, म्हणजे विसरायला नको. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर मेणबत्तीच्या शेजारी आता गोळ्यांचा डबा असतो. मागच्या पालकसभेला ती सांगत होती की हल्ली रात्री एकदाच जाग येते. मधे दोन दिवस तिला ताप होता, पाठ झाला नाही. तर मुलगा स्वतःच फळीपाशी गेला, त्याला येतात तेवढ्या ओळी म्हणाला, गोळी घेतली आणि आईला म्हणाला, "तुझी पण गोळी राहिलीय, क्रोसिन."